नाल्यातला आवाज

संक्रांतीच्या वाणासाठी मंडल्याला नणंदेकडे गेलो होतो, मी आणि माझ्या सासूबाई, भानुमतीबाई. जबलपूरला परत निघालो तेव्हा चांगलं ऊन होतं. बिजाडांडी गाव सुटलं, जंगल लागलं आणि दिवेलागणीच्या आधीच धुकं उतरलं. गाडी मी चालवत होते. सासूबाई तिळगुळाचा डबा मांडीवर घेऊन पेंगत होत्या.

वळणावर आडवी पडलेली मोटारसायकल दिसली. एक मुलगी दोन्ही हात हलवत होती. आमच्या पुढची जीप जराशी हळू झाली आणि भरधाव निघून गेली.

"थांब हर्षा, लेकरू आहे," सासूबाई म्हणाल्या. मी आधीच ब्रेक दाबला होता.

"दीदी, प्लीज..." मुलगी हिंदीत सुरू झाली, पण आमचं मराठी ऐकून तिला रडूच फुटलं. यामिनी नाव, राहायला जबलपुरातच, राइट टाउनला. चेन तुटली म्हणून ती आणि तिचा नवरा पियूष थांबले, तर खालच्या नाल्यातून कुणीतरी मदतीला हाक मारली. पियूष उतरला तो वर आलाच नाही.

"मी हाका मारून राहिली, ताई..." ती कुजबुजली. "पण खालूनही कोणी मारते. माझ्याच आवाजात."

घाबरलीय बिचारी, असं मला वाटलं. मी रस्त्याच्या कडेला गेले. कुजलेल्या पानांचा ओला वास आला. खाली नुसतं पांढरं, तळ दिसत नव्हता.

"हर्षा... इकडे ये गं..." खालून सासूबाईंनी हाक मारली.

सासूबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"मी नाही बोलली," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात दुरून पियूषचा आवाज आला, थकलेला. "यामिनी... तू दोन्हीकडून काहून बोलून राहिली?"

यामिनी मटकन खाली बसली. सासूबाई मात्र तरातरा गाडीकडे गेल्या. "माणसाचा आवाज घेते ना ते? गाडीचा घेऊन दाखव म्हणा!" त्यांनी हॉर्न दाबून धरला.

जंगल दुमदुमलं. मग शांत झालं. मग नाल्यातून तसाच हॉर्न वाजला. तितकाच लांब.

पण एक गोष्ट लक्षात आली. आवाज चारी बाजूंनी येऊ शकतो, उजेड एकाच बाजूने येतो. मी गाडी वळवली, तोंड नाल्याकडे केलं, दिवे पूर्ण लावले आणि डिपर मारत ओरडले, "पियूष भैया, कोणाच्या बोलण्यावर जाऊ नका! उजेडाकडे या!"

"उजेडाकडे या... उजेडाकडे या..." खालून मी बोलत होते, सासूबाई बोलत होत्या, यामिनी बोलत होती. सगळ्या एकदम.

झुडपं हलली. चिखलाने माखलेला एक हात वर आला. सासूबाई सत्तरीच्या, पण त्या सरळ पालथ्या पडल्या आणि त्यांनी पियूषची कॉलर धरली. आम्ही दोघींनी दंड धरून ओढलं. खालच्या आवाजांचा गलका झाला, चिडल्यासारखा. आम्ही आणखी जोर लावला आणि पोरगा रस्त्यावर आला. छातीपर्यंत चिखल, पण धडधाकट.

सासूबाई उठल्या, पदर झटकला आणि नाल्यात वाकून गरजल्या, "नाही देत, जाय!"

खाली सगळं चिडीचूप झालं.

मोटारसायकल तिथेच सोडली. गाडीत चौघे, काचा बंद. पियूष तिळगुळ खात होता, यामिनी रडता रडता हसत होती, सासूबाई अख्खा प्रसंग पहिल्यापासून पुन्हा सांगत होत्या. माझ्या अंगात असं बळ आलं होतं, की त्या क्षणी कुणाचीही भीती वाटली नसती.

सहज आरशात पाहिलं. मागे, वळणाच्या पार खाली, नाल्यातल्या धुक्यात दोन पांढरे दिवे लागले होते. त्यांनी डिपर मारला. थेट माझ्यासारखा.

मी आरसा वर फिरवला आणि गाडीचा वेग वाढवला.

रस्त्यात कुणाची गाडी अडलेली दिसली की मी आजही थांबते. सासूबाईंचा हुकूमच आहे. फक्त दार उघडण्याआधी नीट पाहून घेते... त्या गाडीच्या दिव्यांखाली रस्ता आहे ना.