हाचिजो बेटावरचा संसार

टोकियोजवळच्या ग्योतोकू स्टेशनच्या जिन्यावर प्रभावतीबाई पाऊस कमी व्हायची वाट बघत उभ्या होत्या. शेजारी एक पांढऱ्या केसांचे उंच गृहस्थ कठड्याला धरून थांबले आणि स्वतःशीच मराठीत पुटपुटले, "एवढे जिने कशाला बांधतात, कोण जाणे..."

प्रभावतीबाईंनी चमकून पाहिलं. मग नजर खाली गेली — त्यांच्या बुटांच्या नाड्या सैल, घोटे सुजलेले. मिरजेच्या दवाखान्यात नर्स म्हणून जन्म गेलेला, नजर जायचीच.

"जिना चढताना दम लागतो का हो तुम्हाला?"

गृहस्थ वळले. डोळ्यांत आधी आश्चर्य, मग हसू. "बाई, माणसं आधी नाव विचारतात."

"सांगायला दम पुरेल?"

"पुरेल बहुतेक... मोरेश्वर साळवे. नगरचा."

छत्री एकच होती, मोरेश्वरांची. तिच्याखाली अर्धे अर्धे भिजत दोघं चालले. निवृत्त झाल्यावर मोरेश्वर पत्नीबरोबर ख्रिस्ती मिशनच्या सेवेसाठी हाचिजोला आले होते. टोकियोपासून बोटीने रात्रभराच्या अंतरावरचं, पॅसिफिकमधलं ते बेट. पत्नीला तिथल्याच मातीत ठेवलं. आता ते अधूनमधून टोकियोला डॉक्टरकडे येत. प्रभावतीबाई विधवा. मुलगा सत्यजित इथे सॉफ्टवेअरच्या काँट्रॅक्टवर, सूनही नोकरीला, म्हणून नातवाला सांभाळायला आलेल्या. नातू आजीशी जपानीत बोलायचा. त्यामुळे दिवसभर घरात त्यांचं मराठी ऐकायला कुणी नसे.

पुढच्या खेपेला मोरेश्वर पुन्हा ग्योतोकूला आले. त्याच्या पुढच्या खेपेलाही.

"तुमच्या दवाखान्याच्या वाटेत ग्योतोकू लागतं का हो?"

"जरा वाट वाकडी करावी लागते..." ते म्हणाले, आणि कानांपर्यंत लाल झाले.

हिवाळ्याच्या तोंडाशी, नदीकाठच्या बाकावर, ते बराच वेळ छत्रीची मूठ फिरवत बसले. "मिशनवाले बेटावर एकट्या माणसाला ठेवणार नाहीत म्हणतात. जोडपं हवंय त्यांना..."

"त्यांना हवंय — की तुम्हाला?"

मोरेश्वरांनी मूठ फिरवणं थांबवलं. "मला. पण प्रभावतीबाई, माझं हृदय थकलंय. डॉक्टर फार आशा देत नाहीत."

"ते तुमच्या पायांनी मला केव्हाच सांगितलंय." त्यांनी पदर सावरला. "बेटावर थंडी फार असते का?"

सत्यजितला मात्र हे पटेना. जेवताना त्याने ताट बाजूला सारलं. "आई, बाबा गेले तेव्हा तुझी काय अवस्था झाली होती ते मी बघितलंय. पुन्हा विधवा व्हायला लग्न करतेयस का?"

"नाही रे. तोवर बायको म्हणून राहायला."

तो लग्नाला आला. प्रार्थना संपेपर्यंत मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. निघताना त्याने साळवेकाकांच्या पाया पडून एवढंच म्हटलं, "तिला बोट लागते. बोटीत आल्याचा तुकडा देत जा."

हाचिजोवर पाऊस आडवा यायचा. छत्र्या उलट्या व्हायच्या. सकाळी प्रभावतीबाई भात आणि आशिताबा नावाच्या तिथल्या पाल्याची भाजी डब्यांत भरत, मोरेश्वर छोटी पांढरी गाडी काढत, आणि दोघं एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या दारोदार फिरत. तरुण पोरं टोकियोला गेलेली. मागे उरले होते आई-बाप. मोरेश्वर जपानीत बायबल वाचत. प्रभावतीबाईंना जपानी येत नसे. त्या नखं कापत, पाठी पुसत, केस विंचरत. त्यांतली एक ओकियामा आजी तर प्रभावतीबाईंचा हात सोडायचीच नाही.

त्या हिवाळ्यात माणसं एकामागून एक गेली. ओल्या काळ्या मातीत खड्डे खणताना पुरुषांचे पाय घसरत. रविवारच्या प्रार्थनेला रिकाम्या खुर्च्या वाढत गेल्या, तरी मोरेश्वर त्या पुसून ठेवत. प्रभावतीबाई प्रत्येक दफनाला नवऱ्याच्या इतक्या जवळ उभ्या राहत, की त्यांच्या श्वासाची घरघर ऐकू येई. दर वेळी थोडी जास्त.

सकाळच्या चहाला त्या त्यांचं मनगट हातात घेत.

"नाडी बघतेस, की हात धरतेस?"

"तुम्ही चहा प्या."

"सांग तरी..."

"नाडी एका मिनिटात बघून होते. पुढचा वेळ माझा."

फेब्रुवारीत समुद्र खवळला, आणि त्यातच मोरेश्वर अंथरुणाला खिळले. त्यांना टोकियोला न्यायला बोट येईना, वाऱ्यात हेलिकॉप्टर उतरेना. बेटावरचे डॉक्टर येऊन औषध देऊन गेले. बाहेर पडल्यावर त्यांनी प्रभावतीबाईंपुढे मान खाली घातली, त्या समजल्या. त्यांनी खिडकीपाशी उशांची रास केली आणि मोरेश्वरांना टेकवून बसवलं. आडवं झालं की त्यांना श्वास घेता येत नव्हता. दुपारचा उजेड राखेसारखा होता.

"बोलू नका. दम लागेल."

"एकच... मागायचंय." ते थांबले. "अहो, अहो करतेस. एकदा नावाने हाक मार ना..."

त्यांनी खाली पाहिलं. साठी उलटलेल्या बाईचे गाल तापले. पहिल्या नवऱ्याचं नावसुद्धा त्यांनी कधी तोंडाने घेतलं नव्हतं.

"काहीतरीच तुमचं..."

"कोण ऐकतंय इथे?"

वारा खिडकी हलवत होता. त्या वाकल्या, त्यांच्या कानाशी ओठ नेऊन हळूच म्हणाल्या, "मोरेश्वर..."

त्यांनी डोळे मिटले. तोंडभर हसले. "पुन्हा."

"मोरेश्वर."

हातातल्या हाताची बोटं किंचित दाबली गेली... आणि सैल पडली. किती जणांचे डोळे प्रभावतीबाईंनी आजवर मिटवले होते; काय झालंय ते त्यांना कुणी सांगायला नको होतं. तरी मनगट न सोडता त्या तशाच बसून राहिल्या, आणि लाज पार सोडून, वाऱ्याच्या वर आवाज चढवून, त्यांना नावाने हाका मारत राहिल्या.