चार बोटं जागा

या मंडळी, जवळ सरका. प्रेमाची गोष्ट लांबून ऐकली की भांडणासारखी वाटते. आज एका खोट्याची कथा सांगायची आहे, देवानं गोड मानून घेतलेल्या.

दोन देशांतले विद्यार्थी मिळून एक गाडी बनवत होते. तीन चाकं, एकच सीट, आणि लिटरभर पेट्रोलवर शेकडो किलोमीटर धावायची हाव. इंजिन इकडचं, सांगाडा तिकडचा. चालवायला हलकं माणूस हवं, म्हणून निवडलं इकडच्याच एका पोरीला, चिमणीला. चिमणीनं फॉर्मवर वजन सहा किलो कमी लिहिलं. म्हटलं, स्पर्धेपर्यंत उतरेल. वजन कसलं उतरतंय! बिस्किटांनी साथ सोडली तर ना.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी ती शेडमध्ये आली. गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते.

"दादा," ती कुजबुजली, "सीट थोडी... रुंद होईल का? मी वजन जरा कमी लिहिलंय."

"जरा म्हणजे?" दातांत बोल्ट धरलेला आवाज आला.

"सहा किलो. कुणाला सांगू नका हो. उद्या दुसरीला बसवतील, आणि माझं वर्ष पाण्यात."

बोल्ट थुंकल्याचा आवाज झाला. "नाही सांगत. पण आधी ते 'दादा' मागे घे."

चिमणीच्या कानशिलांपर्यंत लाली चढली. हा आवाज ती वर्षभर दर गुरुवारी पडद्यावर ऐकत होती. तिकडचा सांगाडेवाला! मीटिंग संपली तरी फोन न ठेवता तिची भाषा शिकलेला.

"बसून बघ," तो बाहेर सरकत म्हणाला.

श्वास रोखून ती बसली. सीट अडली नाहीच... उलट बाजूला चार बोटं जागा शिल्लक.

"पण फॉर्मवर तर—"

"फॉर्म वाचला की. पण मीटिंगमध्ये तुलाही बघत होतो. दर गुरुवारी अर्धा पुडा बिस्किटं."

"म्हणजे मी जाड?"

"म्हणजे मी गाडीचं वजन उतरवलं. सहा किलो. बोल्ट कापले, पेडलला भोकं पाडली. पोरं म्हणतात, हा वेडा झालाय."

"आणि... झालायस?"

"उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी चिमणीनं जीव ओतून गाडी चालवली. इंजिन क्षणभर चालू, मग पेट्रोल वाचवायला बंद, मग गाडी नुसती घरंगळत. दुसरा नंबर आला, पहिला हुकला अवघ्या अर्ध्या किलोमीटरनं.

"माझ्यामुळे हुकला," तो खाली बघत म्हणाला. "चार बोटं जास्त ठेवली, तेवढी गाडी जड झाली."

"पुढच्या गाडीत अजून ठेव."

"किती?"

"एका माणसाची."

तो गडबडला. "पेट्रोल... जास्त लागेल."

"लागू दे," ती म्हणाली, आणि बिस्किटांचा पुडा त्याच्यापुढे धरला.

तर मंडळी, आपलं खोटं ओळखूनही न बोलता आपल्यासाठी जागा ठेवणारं कुणीतरी तुमचंही असेल. देवापुढे हात जोडाल तेव्हा त्याची तेवढी आठवण ठेवा.