चौथी किल्ली

अबू हैसमकाकांचं घरांचे नकाशे काढायचं ऑफिस लेबनॉनमधल्या त्रिपोलीत, मीना बंदराजवळ. वीज दिवसातून चार तास, बाकी जनरेटरवाल्याची लहर. उकाड्यात तिथे बसणं अशक्य, म्हणून तिघा नकाशाकारांना घरूनच ऑफिसच्या सर्व्हरवर काम करता यावं, अशी सुरक्षित सोय करायचं काम माझ्याकडे आलं. प्रत्येकाची एक किल्ली, म्हणजे एक छोटी फाइल. ती ज्याच्या लॅपटॉपवर असेल त्यालाच आत येता येतं. किल्ली मी मेलने पाठवत नाही, स्वतः जाऊन बसवते.

तिघांचं झालं. काका म्हणाले, "चौथी कर. हैसमची."

हैसम त्यांचा मुलगा. मार्चमध्ये सायप्रसला जायला तो चोरून निघालेल्या बोटीत बसला. बोटीत एकतीस जण होते. बोट पोचली नाही.

"काका, ती बसवू कुठे?"

"आला की बसवू. तुझं काय जातंय, पोरी?"

माझं काहीच जात नव्हतं. पेन ड्राइव्हवर घातली, पाकिटात चिकटवून दिली. म्हाताऱ्याचं मन राखायला गेले आणि घोडचूक केली.

सोमवारी सर्व्हरवर कोण कधी आत आलं त्याची यादी पाहिली तर चौथी किल्ली आत येऊन गेलेली. हैसमचा फोल्डर उघडलेला. पाकीट काकांच्या खिशात जसंच्या तसं चिकटलेलं. कुठून आली, त्या रकान्यात काहीच नव्हतं. वेळ होती अकरा ते बारा. त्या तासात बॅटरी संपून सर्व्हर बंद पडला होता. मी स्वतः त्याच्यासमोर घाम पुसत बसले होते.

हे काकांना सांगायलाच नको होतं.

हैसमच्या आईने, उम्म हैसमने, शुक्रवारी गायबाना नमाज ठेवली होती, प्रेत हाती नसताना मृतासाठी पढतात ती. काकांनी ती रद्द केली. "जिवंत माणसाची कसली नमाज? पोरगा काम करतोय माझा, काम!" शुक्रवारी कोळ्याची बोट घेऊन ते त्याला शोधायला जाणार होते.

जिन्यात उम्म हैसमने माझा हात धरला. "रुला, बंद कर गं ते. एक गेला, आता हेही जातील."

गुरुवारी मी किल्ली पुसली आणि काकांना तसं सांगितलं. शुक्रवारी सकाळी ते बोट घेऊन गेलेच.

दुपारी उम्म हैसम ऑफिसात आली. मी यादी दाखवली. तीनच किल्ल्या, तिघेही शुक्रवारच्या नमाजला मशिदीत गेलेले, आत कोणी नाही.

हैसमच्या फोल्डरमध्ये मात्र नवा नकाशा होता. तो उघडला. कोणीतरी अजून काढत होतं.

जिना नव्हता. दारं नव्हती.

नुसत्या खोल्या. जेमतेम माणूस मावेल एवढ्या, सगळ्या किब्ल्याच्या, म्हणजे मक्केच्या दिशेने. प्रत्येकीत एक नाव.

उम्म हैसम पडद्यावर बोट ठेवून मोजत गेली. एकोणिसाव्या खोलीवर थांबली. हैसम.

ती रडली नाही. पुढे मोजलं. एकतीस.

मग बत्तिसावी रेघ सुरू झाली.

नाव आलं नाही. लांबी आली : एक मीटर अडुसष्ट.

"यांची उंची," ती म्हणाली, आणि फोन लावला.

रिंग वाजत राहिली. पडद्यावर रुंदी लिहिली जात होती.