पाठ केलेलं आयत्या वेळचं

सरावगृहाच्या अरुंद जिन्यावर ती वरून धावत आली आणि खालून एक भलामोठा बास, माणसाएवढं उंच तंतुवाद्य, चढत आला. बासमागे एक माणूसही आहे, हे तिला जरा उशिराच दिसलं.

"आधी तुम्ही उतरा," तो म्हणाला. "रोज सराव संपवताना वाद्यावर शेवटची पट्टी जोरात मारता, म्हणजे घाईच असणार."

"तुम्ही ऐकता?"

"शेजारच्या खोलीत असतो. भिंत पातळ आहे... माझा काय दोष?"

तो हसला. हसणं छान होतं, आणि तेच तर संशयास्पद! एका मैत्रिणीनं तिची अख्खी धून उचलून स्वतःच्या नावावर वाजवली होती. तेव्हापासून ती ताकही फुंकून प्यायची. शिवाय लपवण्यासारखं खरंच होतं. व्हायब्राफोनच्या धातूच्या पट्ट्यांवर तिच्या चार काठ्या झरझर धावायच्या; पण जॅझमध्ये खरी परीक्षा आयत्या वेळी सुचेल ते वाजवण्याची, आणि आयत्या वेळी तिला काही म्हणता काही सुचायचं नाही. म्हणून ते 'सुचलेलं' तिनं घरी लिहून काढून घोकलं होतं. शुक्रवारी बँडमधल्या एकमेव जागेसाठी निवड होती. आणि हा त्याच बँडचा बासवाला निघाला!

दुसऱ्या दिवशी तिनं सापळा लावला. वाजवता वाजवता मध्येच थांबली. भिंतीपलीकडचा बास मात्र तिच्या पुढच्या ओळीची साथ करत राहिला... बिनचूक. पठ्ठ्याला सगळं पाठ होतं!

ती तणतणत त्याच्या दारात उभी राहिली. "हेरगिरी चाललीय?"

"साथ चाललीय." त्याचे कान लाल झाले. "तुमचं आयत्या वेळचं रोज तेच असतं, त्यामुळे... सोपं जातं."

"कोणाला सांगितलंत?"

"कोणालाच नाही."

त्याच्या डोळ्यांत पाहिलं की विश्वास ठेवावासा वाटत होता. म्हणून तिनं पाहणंच बंद केलं.

शुक्रवारी बँडच्या संचालकबाई समोर बसल्या; साथीला बासवर तोच होता. पहिली फेरी घोकल्याप्रमाणे पार पडली. दुसऱ्या फेरीत बास नेहमीची वाट सोडून एकाच खर्जातल्या स्वरावर ठाण मांडून बसला. तिचं पाठांतर त्यावर बसेना. दगा! तिनं जळजळीत नजरेनं पाहिलं, तर तो भुवया उंचावून तिच्याकडेच बघत होता... जणू म्हणत होता, बोला ना!

मग बोललीच ती. संतापानं काठ्या आदळल्या, त्याचे स्वर हिसकावले, पायाखालच्या पेडलनं पट्ट्यांचा नाद रोखला, सोडला. तिनं विचारावं, त्यानं उत्तर द्यावं. आपण चिडलोय हे ती केव्हाच विसरून गेली.

"सोमवारपासून या," संचालकबाई म्हणाल्या. "पहिली फेरी घोकलेली होती हं."

बाहेर तिनं त्याला गाठलं. "मुद्दाम केलंत!"

"हो. घोकलेलं वाजवणाऱ्या दोघांना बाईंनी मागच्याच महिन्यात घरी पाठवलं."

"आणि मी अडखळले असते तर?"

"तर तुम्ही पुन्हा माझं तोंड पाहिलं नसतंत. रात्रभर त्याचीच भीती वाटत होती, कारण... मला तुम्ही आवडता. भिंतीपलीकडून आवडत होतात, आणि आता तर..." तो अडकला.

तिला फार आनंद झाला. पण जित्याची खोड! तिनं डोळे बारीक केले.

"हेही पाठ करून आलात ना?"

"तीन दिवस घोकत होतो," त्यानं कबूल केलं. "पण त्यातलं एक अक्षर आठवत नाहीये."

"मग ठीक आहे," म्हणत तिनं त्याचा हात धरला.