जवळचा विमानतळ

ऑफिसात तिला सगळे जहाजवाली म्हणत. ऑफिस प्रवासाची तिकिटं काढून देणारं, आणि त्यात बावीस वर्षं तिच्याकडे एकच काम होतं: समुद्रसफरीला निघालेल्या लोकांना जहाज सुटायच्या आत बंदरावर पोचवतील अशी विमानं निवडून द्यायची. काम ऐकायला सोपं, पण त्यात भल्याभल्यांची फजिती व्हायची. गिऱ्हाईक यायचं, समोरच्या खुर्चीत ऐसपैस बसायचं आणि म्हणायचं, "जहाज शनिवारी चारला सुटतंय ना? मग शनिवारी सकाळचंच विमान बघा."

"जहाज म्हणजे काही सासुरवाडी नव्हे, तुमची वाट बघत थांबायला," ती म्हणायची. "शुक्रवारीच पोचा."

तिचा दुसरा नियम विमानतळाचा होता. जहाजं सुटायची त्या बंदराला दोन विमानतळ. एक अगदी जवळ, टॅक्सीने वीस मिनिटांवर. पण लहानसा, दिवसाला एक-दोन विमानं येणारा, मध्ये विमान बदलल्याशिवाय न गाठता येणारा, आणि समुद्रालगत असल्यामुळे धुक्यात सापडणारा. दुसरा लांबचा. तिथून बंदरापर्यंत बसने अडीच तास. पण तिथे दिवसभर थेट विमानं उतरायची. एक हुकलं तर दुसरं होतंच. जवळचा विमानतळ नकाशात जवळ, पोचायला लांब, असं ती प्रत्येकाला सांगायची. बावीस वर्षांत तिच्या एकाही माणसाचं जहाज चुकलं नव्हतं.

तिच्या नवऱ्याने चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. उंच इमारतींच्या पोटातल्या त्या काळोख्या, उभ्या बोळांमध्ये तेलकट दोरांशी झटत त्याचं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच वर्षी रक्ताचा आजार निघाला. डॉक्टरांनी महिने बोटांवर मोजून सांगितले तेव्हा तो एवढंच म्हणाला, "एक आठवडा अशा जागी राहायचंय, जिथे भिंतच नाही."

तिने सात दिवसांच्या सफरीत खोली घेतली. दर शुक्रवारी त्याला दवाखान्यात रक्त चढवावं लागे. त्यानंतर चार-पाच दिवस तो माणसांत असे. शनिवारी चारला जहाज. म्हणजे शुक्रवारी निघणं अवघड.

"गुरुवारी चढवून घेऊ," तो म्हणाला. "डॉक्टरांना विचार तरी. आणि लांबचाच विमानतळ घे. लोकांना सांगतेस तेच."

तिने विचारलं. डॉक्टर म्हणाले, गुरुवारी पलंग रिकामा नाही, पण बघू, बुधवारी फोन करा. तिने बुधवारी फोन केला नाही. बसमधले अडीच तास तिच्या डोळ्यांपुढे येत होते. त्याची मान कलंडलेली, ओठ कोरडे. तिने शनिवारी पहाटेचं विमान घेतलं, मध्ये एकदा बदलायचं, जवळच्या विमानतळावर उतरणारं. बारा वाजता पोचणार होतं.

"नियम मोडलास," तो हसून म्हणाला.

"नियम गिऱ्हाइकांसाठी असतात. तुम्ही काय गिऱ्हाईक आहात का?"

व्हायचं तेच झालं. दुसरं विमान बंदरापर्यंत गेलं, पण धुक्यावर घिरट्या घालत राहिलं. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली तेव्हा ती खिडकीतून खालच्या पांढऱ्या थराकडे बघत होती. ती वेळ तिला पुढेही पक्की आठवत राहिली. मग वैमानिकाने सांगितलं की लांबच्या विमानतळावर उतरावं लागेल. तिथून टॅक्सी केली. जो रस्ता त्याला चुकवावा म्हणून तिने सगळा खटाटोप केला, त्याच रस्त्याने तो मान कलंडून, कोरड्या ओठांनी गेला.

बंदराच्या फाटकाशी टॅक्सी थांबली तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. धक्का आणि जहाज यांच्यामध्ये वीस-पंचवीस हात पाणी होतं. पाणी शांतपणे रुंद होत गेलं.

धक्क्यावरच्या इमारतीत एकच खिडकी उघडी होती. आत निळ्या कोटातली कारकून मुलगी कागद आवरत होती. जहाजवालीने दोघांची पारपत्रं पुढे केली आणि पुढच्या बंदरात जहाज गाठता येईल का, असं विचारलं. मुलीने संगणकात नावं घातली. पडद्याकडे बघितलं, मग त्या दोघांकडे.

"तुम्ही तर चढला आहात," ती म्हणाली.

"चढलो असतो तर इथे उभे असतो का?"

"आमचं कुणीच मागे राहिलेलं नाही आज. हे बघा." तिने पडदा फिरवला. जहाजावर चढताना प्रत्येकाचा फोटो काढतात, तसे दोन फोटो. पांढऱ्या भिंतीसमोर नवरा, अंगात तोच राखाडी स्वेटर. शेजारच्या चौकटीत ती. खाली वेळ: एक वाजून दहा मिनिटं.

काहीतरी घोटाळा आहे, यंत्र बिघडलंय, असं ती बोलत सुटली. नवरा मात्र खिडकीवर वाकून फोटो बघत राहिला.

"मी बरा दिसतोय की," तो हळूच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती दोघं घरी परतली. नवऱ्याची धाकटी बहीण मदतीला येऊन राहिली. तिला फक्त जहाज चुकल्याचं सांगितलं. नवरा पलंगावर पडला तो पुन्हा फारसा उठलाच नाही. प्रवासाने त्याच्यातलं उरलंसुरलं बळ पिळून काढलं होतं. ते कुणामुळे, हे जहाजवालीला कुणी सांगायला नको होतं. आणि त्याने ते एकदाही बोलून दाखवलं नाही, हे तर जास्तच जिव्हारी लागत होतं.

परतल्या दिवशीच, रविवारी दुपारी, तिच्या फोनवर फोटो आला. जहाजावरचा छायाचित्रकार रोज प्रत्येकाला एक फोटो पाठवतो. नंबर तिचाच दिलेला होता. टेबलापाशी दोघं बसलेली. नवऱ्याचे गाल भरलेले. ती हसत होती, पण खांद्यांवर शाल घेतलेली. उन्हात, शाल.

फोन लपवायचा असं तिने ठरवलं. पण संध्याकाळी नवऱ्यानेच विचारलं, "काही आलं का त्यांचं?"

त्यांचं. जणू गावाला गेलेल्या नातेवाइकांचं.

तिने दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला. "आज कुठे पोचले असतील?" असं विचारून झोपी गेला.

सोमवारच्या फोटोत नवरा कठड्याला टेकून उभा होता, बाह्या वर सारलेल्या, हात दणकट, पूर्वी लिफ्टचं दार एकटा उचलायचा तेव्हा होते तसे. ती जरा मागे, खांबाला धरून. मंगळवारच्या फोटोत ती आरामखुर्चीत होती. गळ्यापर्यंत पांघरूण, गालांची हाडं वर आलेली. तिच्या खांद्यावर त्याचा हात होता आणि तो समोर कॅमेऱ्याकडे न बघता तिच्याकडे बघत होता.

चष्मा पुसून घरातल्या आरशात तिने स्वतःला नीट न्याहाळलं. तिला काहीही झालेलं नव्हतं. भूक लागत होती, झोप लागत होती. त्याचीच लाज वाटत होती.

नवऱ्याने मंगळवारचा फोटो डोळ्यांजवळ धरला. "हिला काय झालंय गं?"

"काही नाही हो. उजेड तसा आहे."

"तो नीट बघतोय ना तिच्याकडे?"

तिने पाण्याचा पेला त्याच्या ओठांशी नेला. दोन घोट झाल्यावर त्याने मान वळवली.

"ऐक," तो म्हणाला. "तो एकटा परत येणार बघ. शनिवारी. त्याला घ्यायला जा."

"असं काय बोलताय?"

"एकटा माणूस तिथे उतरून कुठे जाईल? जा तू. आणि आता तरी नियम मोडू नकोस. एक दिवस आधी. लांबचा विमानतळ."

बुधवारी दुपारी तो गेला. नणंद शेजारी बसली होती. जहाजवाली स्वयंपाकघरात पेज गाळत होती. दोन खोल्यांतलं अंतर किती, तर दहा पावलं. तेवढंही तिला वेळेत कापता आलं नाही.

त्या दिवशी फोनवर आलेल्या फोटोत रिकामी आरामखुर्ची होती आणि तिच्यावर घडी घातलेलं पांघरूण. त्यानंतर फोटो आले नाहीत.

गुरुवारी सगळं उरकलं. शुक्रवारी सकाळी तिने त्याचा एक फोटो चौकटीत घालून बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर ठेवला आणि पिशवी भरली.

"वहिनी, आत्ता कुठे निघालीस?" नणंद दारातच आडवी आली. "दादाला जाऊन दोन दिवस नाही झाले."

"बंदरावर. त्यांनीच सांगितलंय."

नणंदेने तिच्या तोंडाकडे पाहिलं. दुःखाने माणसाला वेड लागतं हे तिने ऐकलं असावं. ती बाजूला झाली.

या खेपेला तिने काहीच चुकवलं नाही. थेट विमान, लांबचा विमानतळ, अडीच तासांची बस. संध्याकाळी बंदरासमोरच्या लॉजमध्ये खोली घेतली. जहाजं पहाटे लागतात आणि माणसं साडेसातनंतर उतरतात, हे तिने हजारदा लोकांना सांगितलं होतं. शनिवारी सकाळी ठीक सातला ती फाटकापाशी उभी राहिली.

माणसं उतरत राहिली. उन्हाने रापलेली, चाकांच्या पेट्या ओढणारी, कंटाळलेली. तिने प्रत्येक चेहरा पाहिला. साडेदहाला शेवटचा माणूस बाहेर पडला आणि सफाईवाले आत शिरले.

खिडकीत तीच मुलगी होती, पण तिने ओळख दाखवली नाही. जहाजवालीने नवऱ्याचं नाव सांगितलं. फक्त त्याचं.

"ते तर सगळ्यांच्या आधी उतरले," मुलगी म्हणाली. "पावणेसातला. खास विनंती करून. एकटेच होते. जवळच्या विमानतळावरून साडेआठचं विमान होतं त्यांचं."

पंधरा मिनिटं.

"काही म्हणाले का?"

"म्हणाले, घरी सगळं तसंच पडलंय, जाऊन आवरायचंय." मुलीने तिच्याकडे निरखून पाहिलं. "फार थकलेले वाटले. तुम्ही त्यांच्या कोण?"

जहाजवालीने तोंड उघडलं. "नात्यातली," ती म्हणाली. "आणि त्यांच्या पत्नी?"

मुलीने पडद्यावर काहीतरी वाचलं. मग पडदा हलकेच स्वतःकडे वळवून घेतला.

"माफ करा. ते फक्त घरच्यांनाच सांगता येतं."

ती टॅक्सीने जवळच्या विमानतळावर गेली. आकाश लख्ख होतं, धुक्याचा मागमूस नव्हता. पुढचं विमान वेळेवर सुटलं, बदलायचं विमानही वेळेवर मिळालं. बावीस वर्षांत इतका सुरळीत प्रवास तिने कुणालाच आखून दिला नव्हता. वाटेत तिने घरी पाच वेळा फोन लावला. कुणी उचलला नाही.

चार वाजता ती घराच्या जिन्यात पोचली. नणंद वरच्या पायरीवर धापा टाकत उभी होती.

"दवाखान्याची चाकाची खुर्ची परत द्यायला गेले होते गं," ती म्हणाली. "सकाळपासून तिथेच अडकले. आत्ताच येतेय." तिने कुलूप उघडलं.

बाहेरच्या खोलीत पुठ्ठ्याची चार खोकी होती. नीट चिकटवलेली, एकावर एक रचलेली. वरचं खोकं उघडंच होतं. आत जहाजवालीचे कपडे होते. साड्या, ऑफिसातले सदरे, हिवाळ्यातला कोट. प्रत्येकाची घडी चौकोनी.

नणंदेच्या डोळ्यांत पाणी आलं. "वहिनी, स्वतःचे कपडे का गं भरून ठेवलेस? कुठे जायचा विचार आहे तुझा?"

ती आत गेली. कपाटात फक्त नवऱ्याचे शर्ट लटकत होते. मोरीतला तिचा ब्रश नव्हता, कंगवा नव्हता. दाराआड तिच्या चपला नव्हत्या. पलंगावरच्या दोन उशांपैकी एक काढून टाकलेली होती.

"अहो," तिने हाक मारली.



"वहिनी, इकडे ये." बाहेरून नणंदेचा आवाज आला. "हा फोटो कधी काढलास?"

ती बाहेर आली. टेबलावर तीच चौकट होती. काच पुसलेली. आत तिचा फोटो होता, पाठीमागे भरून राहिलेला समुद्र, वाऱ्याने कपाळावर आलेले केस. ती कधीही गेली नव्हती त्या जागी ती हसत होती.

चौकटीसमोर तिचा चष्मा होता, काड्या जपून मिटवून ठेवलेला.

तिने हात चेहऱ्याकडे नेला. तिचा चष्मा तिच्या नाकावरच होता.