टाकीतली हवा

धाकटा भाऊ पेट्रोल पंपावर आला, तेव्हा त्याच्या डोक्यावरचं हेल्मेट तसंच होतं. दादाची लाँड्रीची गाडी रांगेत उभी होती. त्याने खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली, इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "दादा, सरक. मी चालवतो."

"अरे, दवाखान्यात डबा द्यायचाय तिला. पेट्रोल भरतो आणि—"

"डबा राहू दे, दादा."

एवढ्यावरून दादाला कळलं. बायको गेली होती. मागच्या गाडीने हॉर्न दिला आणि तो बाजूच्या सीटवर सरकला.

याच पंपावर ती त्याला पहिल्यांदा दिसली होती. तेव्हा तो लाँड्रीच्या गाडीवर नवा होता, घरोघरी इस्त्रीचे कपडे पोचवायचा. ती निळ्या गणवेशात, टोपी मागे सरकवलेली. तिने नोझल टाकीत घातला, दांडी दाबली, आणि — खट्. पेट्रोल बंद. पुन्हा दाबली. पुन्हा खट्.

"तुमचा पंप बिघडलाय," तो म्हणाला.

"माझा पंप सकाळपासून सगळ्यांना पाजतोय. ठसका तुमच्याच गाडीला लागतो."

तिने नोझल जरासा बाहेर ओढला, आडवा फिरवला, दांडी अर्धीच दाबली. थोडं पेट्रोल गेलं... खट्.

"हे बघा," ती म्हणाली, "पेट्रोल आत गेलं की टाकीतली हवा बाहेर यायला हवी ना? तिची नळी कुठेतरी चेपलीय. हवा अडकते, पेट्रोल उलटं वर येतं आणि नोझलला वाटतं टाकी भरली. मेकॅनिकला दाखवा. किरकोळ काम आहे."

त्याचा सख्खा भाऊच मेकॅनिक. पण घरी गेल्यावर त्याने भावाला चकार शब्द सांगितला नाही.

कारण दुसऱ्यांची टाकी बघता बघता भरायची आणि त्याची भरता भरायची नाही. दोन खट्‌च्या मधे बोलायला मिळायचं. तिच्या हातांना पेट्रोलचा वास, त्याच्या गाडीत गरम कपड्यांचा.

"काय इस्त्रीवाले, तुमचाच शर्ट चुरगळलेला?"

"लोकांचे करता करता राहतो."

"बायको नाही करून देत?" खट्.

"बायको नाही."

"अरेरे," ती म्हणाली. पण ओठ दाबून हसू आवरत होती. मग उगाचच मीटरकडे बघत राहिली.

आठवड्याला एकदा पेट्रोल भरणारा तो, आता एक दिवसाआड यायला लागला. रांगेतले लोक वैतागायचे. ती त्यांना ठणकावून सांगायची, "गाडीत दोष आहे हो, माझा काय इलाज!"

मग एकदा ती मान खाली घालून म्हणाली, "मालकांचा हायवेला नवीन पंप होतोय. सोमवारपासून मी तिकडे."

लाँड्रीची गाडी हायवेला कधीच जात नसे. त्याने ठरवलं, शनिवारी बोलायचंच.

शनिवारी सकाळी भाऊ फडक्याला हात पुसत खुशीत आला. "दादा, तुझ्या टाकीची हवेची नळी चेपली होती. टाकली बदलून. सांगायचंस तरी!"

तो गाडी घेऊन तडक निघाला.

पंपावर नोझल आत गेला आणि पेट्रोल धो धो वाहायला लागलं. मीटरचे आकडे पळत होते. तिचा चेहरा उतरला.

"नळी बदललीत?"

"मी नाही. भावाने... मला न विचारता."

"चांगलं केलं." ती दुसरीकडे बघायला लागली. सकाळपासून घोकलेलं वाक्य त्याला आठवेना. आणि तेवढ्यात — खट्.

त्याने मीटर पाहिला. टाकी निम्मीही भरली नव्हती. तिने बोटं सैल सोडली होती.

"थांबला," ती म्हणाली.

"तुम्ही थांबवलात."

"मग काय करू? गाडी सुधारली, माणूस कुठे सुधारलाय!"

मागून हॉर्न वाजला. तिने दांडी जराशी दाबली, सोडली. पुन्हा दाबली, सोडली. तिचे कान मात्र लाल झाले होते.

"आमच्या घरी... याल?" तो म्हणाला.

"कशाला?"

"चहाला."

"नुसत्या चहाला?"

"आधी चहाला."

ती इतकी हसली की पेट्रोलचे थेंब त्याच्या बुटांवर पडले. "येईन. पण पुढचंही विचाराल ना?"

"विचारीन."

ती चहाला आली. आईला तर ती उंबऱ्यातच आवडली. मोठ्या माणसांनी बसून तारीख ठरवली, आणि त्या गडबडीत त्याला कोणी काही विचारायला लावलंच नाही. पुढे संसारात काही बिनसलं की ती पदर खोचून म्हणायची, "मी या घरात चहालाच आलेय हं अजून. तुम्ही विचारलंत कुठे?"

"विचारतो गं. पळून चाललीस का?"

दवाखान्यातही, आदल्या संध्याकाळी, तिने त्याचं बोट धरलं. आवाज अगदी बारीक झाला होता. "अहो, आता तरी विचारा."

नर्स सलाईन बदलत होती. त्याला लाज वाटली. "उद्या," तो म्हणाला, "उद्या डबा घेऊन येतो ना, तेव्हा."

लग्न करशील का, हे तिला विचारायचं राहिलं.