काळ्या सरदाराचं मागणं

नोव्हेंबरातला करडा पाऊस लागला होता. कचेरीच्या चहाच्या कोपऱ्यात बोरम तयार काढ्याची बंद पिशवी गरम पाण्यात बुडवून उभी होती. शेजारच्या विभागातला हानग्योल कॉफी घ्यायला आला आणि थबकला.

"कुठलं झाड उकळताय?"

ती ओशाळली. वजन उतरवायचा काढा आहे, कुणाला सांगू नका... एवढंच कसंबसं म्हणाली.

त्याने सांगितलं नाही. वैद्यबाईंनी नाडी धरून बजावलं होतं, जेवणाआधी काढा, आठवड्याला एकदा दवाखान्यात अंगाला सुया टोचून घ्यायच्या, दारू वर्ज्य. कामाच्या रगाड्यात सुयांसाठी तिला शुक्रवारची जेवणाची सुट्टीच काय ती सापडली. पण साहेबांच्या गुरुवारच्या जेवणावळीत पुढे आलेला पेला नाकारायची सोय नव्हती. तेव्हा हानग्योल हात पुढे करी. बाईचा पेला जो पितो तो तिचा काळा सरदार, आणि तिने त्याचं एक मागणं पुरवायचं, ही तिथली रीत. सगळे त्याला डिवचत, माग की लेका. तो हसून म्हणे, घाई काय आहे?

घाई तिलाही नव्हती. बारीक झाल्यावरच त्याला मनातलं सांगायचं, असा तिने नेम धरला होता.

फेब्रुवारीत त्याची पोहांगला बदली झाली. निरोपाच्या जेवणातही तिचा पेला त्यानेच उचलला. मग जिन्यात हळूच म्हणाला, "आता मागतो. उद्या दुपारी माझ्यासोबत जेवाल? मग माझी बस आहे."

"उद्या तर माझ्या सुया—"

"ठाऊक आहे."

शुक्रवारी ती दवाखान्याच्या दारापर्यंत गेली, तशीच मागे फिरली.

बसस्थानकाजवळच्या खाणावळीत तिने वाफाळत्या शेवयांचा अख्खा वाडगा संपवला. तो आपलं जेवण विसरून बघत राहिला.

"इतक्या दिवसांत तुम्हाला पोटभर जेवताना पाहिलंच नव्हतं."

"बारीक झाल्यावर सांगणार होते... तुम्ही मला आवडता."

"आणि मी थांबलो होतो," तो खालच्या आवाजात म्हणाला. "उपाशी माणसाला मनातलं विचारू नये, म्हणतात."

 पोहांग लांब होतं, आणि खोटं वचन द्यायचा दोघांचाही स्वभाव नव्हता.

बसच्या पायरीवर त्याचे हात गारठलेले दिसले. तिने कोटाच्या खिशातली काढ्याची पिशवी, कचेरीतून निघताना जेवणाआधीसाठी गरम केलेली, पण न प्यालेली, त्याच्या ओंजळीत ठेवली. ती अजून कोमट होती.

बस वळली. बोरम रिकामा हात खिशात घालून पावसात कचेरीकडे चालू लागली.